विश्वास नाही का?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही दोघं एकत्र येऊन सात-आठ महिने झाले होते. एका रविवारी मी सुचवलं, आता कंडोम कशाला, गोळ्या आहेत की. ती म्हणाली, "चालेल. पण आधी दोघंही टेस्ट करून घेऊ. एचआयव्ही आणि बाकीच्या." मला राग आला. नुसता राग नाही, अपमान झाल्यासारखं वाटलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "माझ्यावर विश्वास नाही का?"

ऑफिसात माझा कोड दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. रोज जात नाही. त्यात मला कधीही अपमान वाटलेला नाही. मग इथेच का वाटला?

"विश्वासाचा इथे काय संबंध?" तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण प्रश्न डोक्यात राहिला. कंडोम मागणं म्हणजे शंका घेणं, हे मला कुणी शिकवलं? घरी हा विषय कधी निघाला नाही, शाळेत मॅडमनी तो धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडून दिला. म्हणजे कुणीच शिकवलं नाही, तरी मी ते शिकलो होतो. नंतरच्या काही महिन्यांत मी याबद्दल मिळेल ते वाचलं. आपल्याकडे कंडोमला जवळपास शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि सुरुवातीला त्यात विश्वास-अविश्वासाचं हे प्रकरण नव्हतंच, असं माझं मत झालं आहे. ते नंतर चिकटलं.

सुरुवात रघुनाथ धोंडो कर्व्यांपासून करावी लागते. महर्षी कर्व्यांचा हा थोरला मुलगा, जन्म १८८२चा. नऊ वर्षांचा असताना त्याची आई राधाबाई बाळंतपणात गेली. पुढे गणिताचे प्राध्यापक झालेल्या या माणसाने संततिनियमन हेच आयुष्याचं काम ठरवलं, त्याच्या मुळाशी हा मृत्यू होता का, हे ठामपणे सांगता येणार नाही. पण वाचताना ते डोक्यातून जात नाही. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सने आपलं पहिलं केंद्र उघडलं. आपण शंभर वर्षं मागे आहोत, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. इथे तरी मुंबई लंडनच्या बरोबरीने चालली होती.

कर्वे विल्सन कॉलेजात शिकवत होते. हा प्रचार थांबवा किंवा नोकरी सोडा, असा पेच आला, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. स्वतःला मूल नको, हे ठरवून त्यांनी नसबंदी करून घेतली होती. या सगळ्यात त्यांची पत्नी मालतीबाई त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, पैशांची चणचण सोसली, केंद्राच्या कामात हात दिला. आपण कर्व्यांबद्दल बोलताना त्यांचं नाव एका वाक्यात उरकतो. मीही आत्ता तेच केलं.

माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. कर्व्यांनी संततिनियमनावर पुस्तक लिहिलं आणि ‘गुप्तरोगांपासून बचाव’ या नावाचंही लिहिलं. तेव्हा पेनिसिलिन बाजारात यायला दोन दशकं अवकाश होता. गरमी आणि परमा हे रोग घराघरांत होते, आणि नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून पोटातल्या मुलाला गरमी जात होती. कर्व्यांनी रोगाचा विषय पापपुण्याच्या खात्यातून काढून स्वच्छतेच्या खात्यात टाकला. जेवणाआधी हात धुणाऱ्या माणसाला कुणी ‘स्वयंपाक करणारीवर विश्वास नाही का’ असं विचारत नाही. तसंच काहीसं.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे २६ वर्षं चालवलं. वाचक त्यात प्रश्न पाठवायचे आणि कर्वे सरळ, कोरडी, कधी खवचट उत्तरं द्यायचे. लोकांचे प्रश्न आजच्यासारखेच होते. रात्री दोन वाजता इन्कॉग्निटो उघडून आपण जे शोधतो, तेच त्या काळी टपालाने यायचं. या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. लोक लैंगिक शंका विचारणार असतील, तर जाणकाराने उत्तर द्यायचं नाही का, आणि या विषयावरचं प्रत्येक लिखाण अश्लील कसं ठरतं, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले. २०० रुपये दंड झाला. याआधीही एका खटल्यात कर्व्यांना १०० रुपये दंड झालेला होता. १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या साधनांसाठी प्रस्ताव आणला, तोही मोठ्या फरकाने पडला.

अमोल पालेकरांनी कर्व्यांवर ‘ध्यासपर्व’ हा सिनेमा केला, अतुल पेठ्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ नाटक आणलं, त्यामुळे खटल्यांची गोष्ट आपल्याला थोडीफार माहीत असते. पण कर्वे कोर्टात हरले, यापेक्षा मला दुसरी हार मोठी वाटते. त्यांच्या मांडणीत बाईची तब्येत होती, बाईचं सुख होतं, रोगापासून बचाव होता आणि नको असलेलं मूल टाळणंही होतं. हे सगळं एकत्र होतं. पुढे सरकारने त्यातलं फक्त शेवटचं उचललं.

स्वतंत्र भारताने १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. साठच्या दशकात प्रश्न असा होता की बाजारात मिळणारे बाहेरून आलेले कंडोम सामान्य माणसाला परवडत नव्हते. मग १९६८ मध्ये सरकारी सवलतीतला ‘निरोध’ आला. १५ पैशांना तीन, म्हणजे एक पाच पैशांना. आधी या ब्रँडचं नाव ‘कामराज’ ठेवायचं चाललं होतं, पण त्याच नावाचे मोठे काँग्रेस नेते असल्याने ते बारगळलं, असा किस्सा सांगतात. सुरुवातीचा माल अमेरिका, जपान आणि कोरियातून मागवला, आणि १९६९ पासून तिरुअनंतपुरमला हिंदुस्तान लॅटेक्सचा कारखाना चालू झाला.

यातली मला आवडलेली गोष्ट वितरणाची आहे. चहा, साबण, सिगारेट आणि बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांना सरकारने हाताशी धरलं. ब्रुक बाँड, लिप्टन, हिंदुस्थान लिव्हर, युनियन कार्बाइड. ज्या टेम्पोतून गावच्या किराणा दुकानात चहापत्ती जायची, त्याच टेम्पोतून निरोध गेला. आपल्याकडच्या सरकारी योजनेत इतकी डोकेबाज गोष्ट क्वचित दिसते. वस्तू सगळीकडे पोचली. गावोगावच्या पोरांनी तिचे फुगे करून उडवले, हा आपल्या आईवडलांच्या पिढीचा ठरलेला विनोद आहे.

पण वस्तूबरोबर अर्थही पोचला. लाल त्रिकोण, हसरे आईबाप, दोन मुलं. निरोध म्हणजे देशाची लोकसंख्या. त्या चित्रात रोग नव्हता, अविवाहित माणूस नव्हता आणि सुख तर नव्हतंच. शिवाय ज्यांची मुलं होऊन झाली त्यांच्यासाठी ऑपरेशन होतंच. आणीबाणीत पुरुषांच्या सक्तीच्या नसबंदीचा जो कहर झाला, त्यानंतर सरकारने पुरुषांकडे पाहणंच सोडलं आणि सगळं ओझं बायकांवर गेलं. ते आजही तिथेच आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती. कंडोमचा आकडा ९.५ टक्के आणि पुरुष नसबंदीचा ०.३. त्याच सर्वेक्षणात ३५ टक्के पुरुष म्हणाले की गर्भनिरोधन हा बायकांचा विषय आहे. ‘गोळ्या आहेत की’ म्हणणारा मी त्यांच्यातच बसतो.

मग १९८६ उजाडलं. मद्रासमध्ये भारतातले पहिले एचआयव्ही रुग्ण सापडले, तपासलेल्या वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांमध्ये. इथे कंडोमचा अर्थ पुन्हा बदलला. भिंतींवर एड्सच्या कवट्या आल्या. रोग कुणाचा, तर कामाठीपुऱ्याचा, ट्रक ड्रायव्हरांचा, ‘तसल्या’ लोकांचा. म्हणजे कंडोम कुणासोबत, तर ‘तसल्यां’सोबत. माझ्या रागाचं बी मला इथे दिसतं. ती टेस्ट करू म्हणाली, तेव्हा तिने मला ‘तसल्यां’त बसवलं, असं मला वाटलं होतं.

गंमत म्हणजे याच काळात, १९९१ मध्ये, पूजा बेदी आणि मार्क रॉबिन्सनची ‘कामसूत्र’ची जाहिरात आली. पदमसींच्या लिंटासने केलेली. कंडोमची जाहिरात करताना लोकसंख्या आणि रोग हे दोन्ही शब्द टाळून थेट सुखाबद्दल बोलणारी. खूप आरडाओरडा झाला आणि खूप मालही खपला. हे कंडोम औरंगाबादेत बनायचे, जिथे तेव्हा ते दुकानात मागायला लोक लाजत असणार. कर्व्यांनी जे सुख मांडलं होतं ते अशा रीतीने सत्तर वर्षांनी परत आलं, पण चकचकीत कागदावर, इंग्रजी मासिकात आणि शहरातल्या पैसेवाल्यांसाठी.

सगळ्यात जास्त मला हलवलं ते पुण्यातल्या एका अभ्यासाने. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांमध्ये आलेल्या ९१६ स्त्रियांची एचआयव्ही तपासणी झाली. १९९७ मध्ये निष्कर्ष अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यांतल्या ५२५ जणी वेश्याव्यवसायात होत्या आणि त्यांच्यातलं लागणीचं प्रमाण जवळपास ५० टक्के होतं. हे सगळ्यांना अपेक्षित होतं. अपेक्षित नव्हतं ते उरलेल्या ३९१ जणींचं. यांतल्या बहुतेकींचा आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आला होता. त्यांच्यात प्रमाण होतं १३.६ टक्के. या बायकांनी ‘चुकीचं’ काहीही केलेलं नव्हतं. त्यांच्याकडे विश्वास भरपूर होता. नवऱ्याला ‘कंडोम वापर’ म्हणण्याची सोय तेवढी नव्हती, कारण तसं म्हणणं म्हणजे एकतर त्याच्यावर आळ घेणं किंवा स्वतःवर ओढवून घेणं.

आणि हे फक्त लग्नाच्या घरात होतं असंही नाही. सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेने वेश्यावस्तीत काम सुरू केलं. बाहेरच्यांनी येऊन भाषण द्यायचं नाही, वस्तीतल्या बायकांनीच एकमेकींना कंडोम वाटायचे आणि समजवायचं. त्यातून पुढे १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. गिऱ्हाइकाला ‘कंडोम नाही तर बस नाही’ असं ठणकावणं बायकांना एकजुटीने जमलं. पण अशा वस्त्यांमध्ये काम करणाऱ्यांना देशभर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. गिऱ्हाइकासोबत न चुकता कंडोम वापरणारी बाई आपल्या ‘मालका’सोबत, म्हणजे कायमच्या प्रियकरासोबत, वापरत नाही. कारण तो गिऱ्हाईक नाही, आपला माणूस आहे. सदाशिव पेठ असो की गोकुळनगर, प्रेमाची खूण एकच: मधलं रबर काढून टाकणं.

२००२च्या सुमारास मुंबईत रेल्वे स्टेशनांवर आणि बसवर एक प्रश्न लागला होता, ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ मी तेव्हा बालवाडीतही नसेन, पण आमच्या मोठ्या मामाला तो अजून आठवतो. त्यातला बलबीर फक्त मंजुळाकडेच जातो, म्हणून त्याला वाटतं आपण सुरक्षित. पण मंजुळाकडे बाकीचेही जातात. मोहिमेने नेमकी जागा पकडली होती, ‘एकच माणूस’ या भरवशाची. तरी महिला संघटनांनी आक्षेप घेतला आणि मला तो पटतो. शंका पुन्हा मंजुळावरच गेली. बलबीर कुणाकुणाला काय देऊन आला, हे फलकावर कुणी विचारलं नाही.

त्यानंतरचं आपण पाहिलेलं आहे. २००८ मध्ये ‘कंडोम कंडोम’ गाणारी रिंगटोन आली, लोक हसले, पण शब्द मोठ्याने उच्चारला गेला. आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने सकाळी ६ ते रात्री १० टीव्हीवर कंडोमच्या जाहिराती नकोत असं सांगितलं. मेडिकलवाला अजूनही पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. डोकेदुखीची गोळी कधी गुंडाळून देत नाही.

तर आम्ही दोघं शेवटी गेलो. सरकारी रुग्णालयातल्या मोफत तपासणी केंद्रात, शनिवारी सकाळी. बाकीच्या टेस्ट नंतर लॅबमध्ये केल्या. बाहेर लोखंडी बाकड्यावर पाऊण तास बसलो. मी कुणी ओळखीचं दिसतंय का ते बघत होतो, ती मोबाइलवर ऑफिसचे मेल बघत होती. समुपदेशक मॅडम पन्नाशीच्या होत्या. त्यांनी आम्हाला वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले, मग रिपोर्ट घेताना एकत्र बोलावलं. "दोघं मिळून आलात होय," त्या म्हणाल्या. "इथे एकेकटंच येतं माणूस. आणि घरी सांगू नका म्हणून हात जोडतं."

मग त्यांनी टेबलाखालच्या खोक्यातून निरोधची एक लांब पट्टी काढली आणि माझ्यासमोर धरली. मी दाराकडे पाहिलं. तिने ती घेतली, घडी घातली आणि पिशवीत टाकली.