मुलांना काय सांगावे : सुझान लेबो यांची नाट्यवाटचाल



शालेय रंगमंचावर मी पुष्कळ वर्षे नाटुकली बसवली. एका नाटुकल्यातील आजोबांच्या मृत्यूचा प्रवेश, मुले घाबरतील म्हणून, मी गाळून टाकला. प्रयोगानंतर चौथीतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, आजोबा कुठे गेले?” मला उत्तर देता आले नाही. पुढे सुझान लेबो यांच्याविषयी वाचू लागलो, ते या प्रश्नामुळेच.

कॅनडातील क्वेबेक हा फ्रेंचभाषकांचा प्रांत. चहूकडून इंग्रजीचा वेढा असताना आपली भाषा जपणाऱ्या या समाजाविषयी आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला आपुलकी वाटावी, हे स्वाभाविक आहे. तेथील मॉंट्रियल शहरी 1948 साली लेबो जन्मल्या. आरंभी त्या अभिनेत्री होत्या. पॅरिसमध्ये एत्येन देक्रू यांच्याकडे त्या मूकाभिनय शिकल्या, पोलंडमध्ये बाहुलीनाट्याचा अभ्यास केला आणि 1975 साली दिग्दर्शक जेर्वे गोद्रो यांच्यासह ‘ल कारुझेल’ ही नाट्यसंस्था स्थापन केली. हळूहळू अभिनय मागे पडला, लेखणी उरली.

1979 साली त्यांनी तीन ते पाच वर्षांच्या बालकांसाठी दोन घरांमधल्या चंद्राचे नाटक लिहिले. बडबड्या प्लूम आणि अबोल तासितुर्न हे दोन शेजारी, मध्ये एक रात्र आणि तिची भीती, एवढाच ऐवज. एवढ्या लहान प्रेक्षकासाठी नाटक लिहायचे असते, हेच तोवर कोणाच्या फारसे गावी नव्हते. लेखन चालू असतानाच मुलांमध्ये जाऊन बसायचे, मजकूर त्यांच्यापुढे ठेवायचा, ही त्यांची रीत. परीक्षक मुले, परीक्षार्थी लेखिका!

1997 चे ‘लोग्रले’ मला विशेष मोलाचे वाटते. ‘निम्मा शिम्मा राक्षस’ पाहिलेल्या मराठी मुलांना राक्षस नवा नाही. परंतु येथे नायकच राक्षसाचा मुलगा आहे. आईने घरातून तांबडा रंग हद्दपार केला आहे. मुलगा शाळेत जातो आणि तांबडे पाहताच आतली भूक जागी होते. बापाने तर पोटच्या मुली खाल्लेल्या! कोंबडा, लांडगा आणि अखेर एक मूल यांच्या सहवासात राहूनही त्यांना न खाणे, अशा तीन कसोट्यांना तो स्वतः होऊन सामोरा जातो. वाईट बाहेर नसून आपल्यातच असले तर काय करावे, हे सहा वर्षांच्या मुलाच्या तोंडून विचारण्यास धैर्य लागते.

त्याहून मोठे धैर्य बालसैनिकांवरील नाटकास लागले. तेरा वर्षांची एलिकिया आठ वर्षांच्या जोझेफला घेऊन बंडखोरांच्या तळावरून पळते. तिची वही हाती घेऊन आंजेलिना ही परिचारिका चौकशी आयोगापुढे साक्ष देते. रंगमंचावर युद्ध नाही. आहे ती पायपीट आणि साक्ष. हे मुलांना दाखवावे काय, अशी शंका घेणारी बहुतेक मोठी माणसे होती. या नाटकास 2009 साली कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला आणि 2010 साली मोलिएरची परंपरा सांगणाऱ्या कॉमेदी-फ्रान्सेजने त्याचा प्रयोग केला. बालनाट्याला असा दरवाजा क्वचितच उघडतो.

त्यानंतर ते नाटुकले मी पुन्हा बसवले. आजोबांचा प्रवेश या वेळी ठेवला. पहिल्या रांगेतली मुले गप्प झाली. मागे बसलेले दोन पालक मात्र उठून बाहेर गेले.