कंकभट, बल्लव आणि आपण



नाटकातली माणसे गावात शोधणे हा आपला फार जुना उद्योग आहे. बायकोवर संशय घेणारा दिसला की तो फाल्गुनराव. पिणारा दिसला की तळीराम. उतारवयात बोहोल्यावर चढू पाहणारा भुजंगनाथ. गडबच्या नाक्यावर चहाचा एक पेला रिकामा होईपर्यंत अशी तीन-चार बारशी सहज उरकतात. करमणूक म्हणून याला कोणाची हरकत नाही. परंतु या उद्योगालाही इतिहास आहे, आणि तो वाटतो तितका निरुपद्रवी नाही. मी काही नाट्यशास्त्राचा पंडित नव्हे. कामगारांत वावरलेला आणि पाळी संपल्यावर मिळेल ते वाचलेला माणूस आहे. म्हणून मला जे दिसले तेवढेच सांगतो.

माणसांचे नमुने ठरवण्याची सुरुवात भरताच्या नाट्यशास्त्रापासून सापडते. त्यात नायकांचे चार प्रकार आहेत : धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित आणि धीरप्रशान्त. यातली गंमत अशी की स्वभावाबरोबर भरताने हुद्देही वाटून दिले. देव धीरोद्धत, राजे धीरललित, सेनापती व अमात्य धीरोदात्त, ब्राह्मण व वाणी धीरप्रशान्त. या यादीत मिठागरातला मजूर, आचारी किंवा दासी कुठे बसते, हे मी पुष्कळ शोधले. त्यांना त्यात घर नाही.

आता आपल्या रंगभूमीवरच्या एका प्रसिद्ध जुळणीकडे येऊ. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. खाडिलकर हे ‘केसरी’तले टिळकांचे सहकारी. १९०५ साली बंगालची फाळणी झालेली; लॉर्ड कर्झन यांच्या कारभाराचा चटका ताजा होता. नाटकात त्यांचे नाव कुठेही नाही. कथा विराटाघरची : पांडव अज्ञातवासात, द्रौपदी सैरंध्री झालेली, धर्मराज कंकभट, भीम बल्लव नावाचा आचारी. पण प्रेक्षकांनी क्षणात जुळणी केली. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे हिंदुस्थान, कंकभट म्हणजे मवाळ पक्ष आणि बल्लव म्हणजे जहाल पक्ष. लंडनच्या ‘टाइम्स’चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनीही १९१० सालच्या आपल्या ग्रंथात हेच कोष्टक मांडले. मुंबई सरकारने त्याच वर्षी नाटकावर बंदी घातली. म्हणजे प्रेक्षक आणि सरकार यांचे एका बाबतीत एकमत होते : कोण कोणाच्या जागी उभा आहे, याबद्दल!

परंतु विराटपर्व पुन्हा वाचले की हे कोष्टक डळमळू लागते. भर सभेत कीचक सैरंध्रीला लाथ मारतो, भीम उसळतो आणि धर्म त्याला आवरतो. हा काय भित्रेपणा? करार असा होता की बारा वर्षांच्या वनवासानंतरच्या एका वर्षात कोणी ओळखले, तर पुन्हा बारा वर्षे वनवास. त्या हिशेबाने धर्म बोलत होता. आणि भीम? त्याने कीचकाला मारले ते रात्री, नर्तनशाळेत, कोणी पाहत नसताना. मग सैरंध्रीने सांगितले की हे माझ्या गंधर्व पतींचे काम. म्हणजे हिशेब भीमानेही पाळला. एकाने वेळ ओळखली, दुसऱ्याने घाव घातला. काम एकच होते.

मवाळ-जहालांचेही पुढे तेच झाले. १९०७ च्या अखेरीस सुरतेला काँग्रेस दुभंगली, पण १९१६ साली लखनौला दोन्ही पक्ष पुन्हा एका मंडपात बसले. आणि मधल्या काळात, १९०८ साली, टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईचा गिरणी कामगार सहा दिवस, वर्षाला एक दिवस या हिशेबाने, काम सोडून रस्त्यावर आला. त्याला ना भरताच्या यादीत जागा होती, ना चिरोलसाहेबांच्या कोष्टकात.

हे सारे मी आज शहाणपणाने सांगतो आहे. पण ते मला उशिरा कळले. पंचवीस-सत्तावीस वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात तंटा लागला होता. समेट अधिकाऱ्यापुढे बोलणी चालू होती. आमच्यातला एक वडीलधारा कार्यकर्ता म्हणाला, “अरे, बोलणी संपून सात दिवस जाऊ देत. आत्ता काम बंद केलेस तर संप बेकायदा ठरेल.” मी गेटसभेत उभा राहिलो आणि म्हणालो, “आमच्यातही एक कंकभट आहेत!” पोरे खदखदून हसली. त्या हशाने सभा जिंकली. संप झाला, बेकायदा ठरला, कित्येकांचे काम गेले. पुढची दोन वर्षे त्यांच्या घरी तांदूळ पोहोचवणारा आणि तारखांना त्यांच्याबरोबर कोर्टात बसणारा माणूस तोच होता. त्याने मला त्या शब्दाची आठवण कधी करून दिली नाही. म्हणूनच ती जात नाही.

त्या दिवशी माझी चूक काय झाली? मी त्याच्या म्हणण्याला उत्तर दिलेच नाही. त्याला नाव दिले आणि मोकळा झालो.

आपले मोठे नाटककार असे करीत नाहीत. देवलांचा फाल्गुनराव पाहा. मोलियरच्या १६६० सालच्या फ्रेंच प्रहसनापासून मर्फीच्या इंग्रजी नाटकातून तो १८९३ साली मराठीत आला आणि १९१६ साली ‘संशयकल्लोळ’मध्ये गाऊ लागला. इतक्या देशांत तो टिकला, कारण संशयाला निमित्त होणारी एक तसबीर कोणाच्याही हाती पडू शकते. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर जन्माने दारुडा नाही. तो बुद्धिमान, मानी वकील. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते आणि नेमक्या त्या घटकेला तळीराम प्याला पुढे करतो. ती घटका काढून घ्या, सुधाकर दुसराच माणूस आहे.

तेव्हा बंधूभगिनींनो, नाटके जरूर पाहा आणि नाटकातली माणसे जरूर ओळखा. पण शेजाऱ्याला नाव ठेवण्यापूर्वी, तो कोणत्या अंकात आणि कोणत्या प्रवेशात उभा आहे, एवढे विचारून घ्या. आणि सभेत कोणी थांबा म्हणाला, तर त्याला कंकभट म्हणण्याआधी त्याचा हिशेब ऐकून घ्या. मी ऐकला नव्हता.