मंगळवारच्या तासाचं कूळ

न्यू जर्सीत माझ्या भाचीच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर शाळेनं पाठवलेला एक कागद लावलेला असतो. सोमवारी संगीत, मंगळवारी लायब्ररी, बुधवारी जिम, गुरुवारी चित्रकला. तिची लेक दुसरीत आहे. सोमवारी रात्री जेवणं आटोपली की घरभर पुस्तकाची शोधाशोध सुरू होते, कारण मंगळवारी जुनं परत केलं नाही तर नवं मिळत नाही. मी तिथे होते तेव्हा एका बुधवारी तिला अंगणात गोगलगाय सापडली. तिनं ती बरणीत ठेवली आणि माझ्यापुढे प्रश्नांची रास घातली. शंख तिच्याबरोबर वाढतो, की ती मोठा शंख शोधून त्यात राहायला जाते? तिला दात असतात का? मी म्हटलं, उद्या शाळेच्या लायब्ररीतून पुस्तक आण. ती अगदी सहज म्हणाली, "मावशीआजी, लायब्ररी मंगळवारी असते."

मंगळवार सहा दिवसांवर होता. तोवर गोगलगाय परत अंगणात सोडून झाली होती, प्रश्नही तिच्याबरोबर गेले होते.

पुस्तकांच्या खोलीला वार कुणी नेमून दिला, हे तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांच्या ग्रंथपालांमध्ये हा कित्येक दशकांचा वाद आहे. एका बाजूला ‘फिक्स्ड शेड्यूल’, म्हणजे प्रत्येक वर्गाला आठवड्याचा ठरलेला तास. दुसऱ्या बाजूला ‘फ्लेक्सिबल शेड्यूल’, म्हणजे वर्गात जेव्हा गरज पडेल तेव्हा यायचं, हवं तर सलग तीन दिवस, नको तर दोन आठवडे नाही, आणि एकट्यादुकट्या मुलासाठी दार कायम उघडं. मी या वादाच्या मुळाशी जायला निघाले तेव्हा वाटलं होतं, वाचनाविषयीच्या एखाद्या विचारापाशी पोचेन. पोचले एका पोलाद कारखान्यापाशी.

१९०६ साली मिशिगन सरोवराच्या दक्षिण काठावर, इंडियाना राज्यातल्या वाळूच्या टेकड्या सपाट करून, युनायटेड स्टेट्स स्टील या कंपनीनं एक शहर वसवलं. कंपनीचे अध्यक्ष एल्बर्ट गॅरी, म्हणून शहराचं नाव गॅरी. भट्ट्यांवर काम करायला युरोपभरातून माणसं आली. १९१० च्या जनगणनेत गावाची वस्ती १६,८०२ होती, १९२० मध्ये ५५,३७८. एवढ्या मुलांना बसवायला खोल्या कुठून आणायच्या? १९०७ मध्ये शाळांचे अधीक्षक म्हणून आलेल्या विल्यम वर्ट यांनी या अडचणीकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं की मुलं पटांगणावर गेली की वर्ग ओस पडतो, आणि मुलं वर्गात असली की पटांगण. मग एकाच वेळी दोन्ही का वापरू नये?

त्यांनी शाळेचे दोन भाग केले. अर्धी मुलं वर्गात वाचन, लेखन, गणित शिकत, तेव्हा उरलेली अर्धी सभागृहात, व्यायामशाळेत, सुतारकामाच्या खोलीत, बागेत, पटांगणावर असत. मग घंटा होई आणि अदलाबदल. आपल्याकडे मुंबईसारख्या शहरांत सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते, तसं हे नव्हतं. इथे सगळी मुलं दिवसभर शाळेतच, फक्त जागा बदलत राहायची. वर्ट याला काम, अभ्यास आणि खेळ यांची शाळा म्हणत. लोकांनी मात्र तिला सैन्यातलं नाव दिलं, ‘प्लॅटून स्कूल’. प्लॅटून म्हणजे तुकडी. आपल्याला यात काही नवल वाटू नये, ‘इयत्ता पाचवी, तुकडी ब’ म्हणतच आपण शिकलो.

वर्ट यांना कारकून समजून सोडून देणं अन्यायाचं होईल. गरीब मजुरांच्या मुलांनाही पोहण्याचा तलाव, रंगमंच, प्रयोगशाळा मिळावी, अशी त्यांची मनापासूनची धडपड होती, आणि ते सगळं त्यांनी उभं करून दाखवलं. १९१५ साली जॉन ड्यूई आणि त्यांची मुलगी एव्हलिन यांनी ‘स्कूल्स ऑफ टुमॉरो’ या पुस्तकात गॅरीच्या शाळांची वाखाणणी केली. त्याच वर्षी ड्यूई न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते आणि त्यांच्या वर्गात बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर आलेले भीमराव आंबेडकर बसत होते. बाबासाहेब त्या शहरात असतानाच तिथले महापौर जॉन मिचेल गॅरीची पद्धत न्यूयॉर्कच्या शाळांत आणू पाहत होते. ती तिथे रुजली नाही. आपल्या मुलांना कारखान्यासाठी घडवताहेत, असा संशय स्थलांतरित आईबापांच्या मनात बसला. १९१७ च्या ऑक्टोबरात मुलंच रस्त्यावर उतरली, शाळांच्या काचा फुटल्या, आणि पुढच्याच महिन्यात मिचेल निवडणूक हरले.

पद्धत मात्र दुसऱ्या दारानं देशभर गेली. आपल्या कथेच्या दृष्टीनं खरं गाव डेट्रॉइट. मोटारींच्या कारखान्यांनी त्या शहराची वस्ती दहा वर्षांत दुपटीवर नेली, १९१० मध्ये ४,६५,७६६ होती ती १९२० मध्ये ९,९३,६७८ झाली. गॅरीचाच प्रश्न, वीसपट मोठा. डेट्रॉइटनं प्लॅटून शाळा उचलल्या, आणि वर्गाबाहेरच्या अर्ध्या मुलांसाठी ज्या खोल्या लागत होत्या त्यांत एक खोली ग्रंथालयाची धरली. तोवर बहुतेक प्राथमिक शाळांत पुस्तकं म्हणजे वर्गाच्या कोपऱ्यातलं एखादं कपाट, किंवा सार्वजनिक वाचनालयानं पाठवलेली पेटी. आता पहिल्यांदाच प्राथमिक शाळेत स्वतंत्र खोली, लहान मुलांच्या उंचीची फडताळं आणि त्यांच्यासाठी नेमलेली बाई आली. हे उपकार मोठे आहेत. पण ती खोली जन्मली तीच वेळापत्रकाच्या चौकटीत. जिमचा तास, संगीताचा तास, तसा पुस्तकांचा तास. तो चुकवता येत नव्हता, कारण तो चुकला तर ती चाळीस मुलं बसणार कुठे? त्यांचा वर्ग तर दुसऱ्या तुकडीनं व्यापलेला.

म्हणून म्हणते, मंगळवारच्या तासाचा बाप वाचन नव्हे, बाकांची टंचाई.

त्याच सुमारास याच्या अगदी उलटा विचारही उगवत होता. १९१८ मध्ये कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजातल्या विल्यम किलपॅट्रिक यांनी ‘प्रोजेक्ट मेथड’वरचा निबंध लिहिला. मुलानं मनापासून हाती घेतलेलं काम हाच अभ्यास, असं त्यांचं म्हणणं. अशा शाळेत पुस्तक कधी लागेल ते घंटा कशी ठरवणार? आणि १९२५ साली प्राथमिक शाळांच्या ग्रंथालयांसाठी देशातली पहिली मानकं आली ती डेट्रॉइटचेच इंग्रजीचे शिक्षक सी. सी. सर्टन यांच्या समितीकडून. त्यांत ग्रंथालय म्हणजे साऱ्या शाळेचं साहित्य एकत्र ठेवणारं ठिकाण, पुस्तकंच नव्हेत तर चित्रं आणि ग्रामोफोनच्या तबकड्यासुद्धा. कुठल्याही विषयाला, कुठल्याही वेळी उपयोगी पडावं असं. तासात बांधलेलं ग्रंथालय आणि सगळ्या शाळेत वाहणारं ग्रंथालय, दोघांचा पाळणा एकाच गावात हलला.

१९३० च्या दशकातल्या मंदीनंतर प्लॅटून शाळा ओसरत गेल्या. मग तास का ओसरला नाही? त्याला नवा आश्रयदाता मिळाला.

११ एप्रिल १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधल्या आपल्या जुन्या एकखोली शाळेसमोर बाकावर बसून, शेजारी आपल्या पहिल्या शिक्षिकेला बसवून, शिक्षणाच्या मोठ्या कायद्यावर सही केली. त्याच्या एका कलमानं शाळांच्या पुस्तकांसाठी पहिल्याच वर्षी दहा कोटी डॉलर दिले. तोवर निम्म्याहून जास्त प्राथमिक शाळांत ग्रंथालयच नव्हतं. खोल्या भराभर उघडल्या. त्याच दशकात शिक्षक संघटनांना सामूहिक करारांचं बळ आलं होतं, आणि दिवसभर एकाच वर्गात अडकलेल्या प्राथमिक शिक्षिकांनी तयारीसाठी मोकळा तास मागितला. मागणी रास्त होती. माध्यमिकच्या शिक्षकांना तो मिळत होता, यांना पाणी प्यायला उसंत नव्हती. पण बाई मोकळ्या झाल्या तर मुलं कुणाकडे? जिमकडे, संगीताकडे, चित्रकलेकडे, लायब्ररीकडे. या विषयांना तिथे ‘स्पेशल्स’ म्हणतात. जागेची टंचाई सांभाळणारा तास आता वेळेची टंचाई सांभाळू लागला.

या तासात प्रत्यक्ष काय होतं ते पाहा. चोवीस वर्गांची शाळा, दिवसाला पंचेचाळीस मिनिटांचे सहा तास, म्हणजे आठवड्याला तीस. त्यातले चोवीस गेले. ग्रंथपालबाईंच्या हाती उरले सहा, त्यात स्वतःची तयारी, परत आलेली पुस्तकं जागेवर लावणं, फाटकी चिकटवणं, नवी मागवणं. मुलं आली की आधी परतावा, मग गोष्ट, मग पंचवीस जणांनी दहा मिनिटांत पुस्तक निवडून रांगेत उभं राहायचं. पुढचा वर्ग दाराशी आलेला असतो. आणि वर्गाच्या बाई मुलांबरोबर थांबत नाहीत, कारण तो त्यांचा तयारीचा वेळ. त्यामुळे वर्गात काय चाललंय हे ग्रंथपालाला कळत नाही, ग्रंथालयात काय चाललंय हे बाईंना.

सोमवारचा वर्ग तर आणखी कमनशिबी. १९६८ च्या एका कायद्यानं अमेरिकेनं आपल्या अनेक राष्ट्रीय सुट्ट्या सोमवारी नेऊन ठेवल्या. ज्या वर्गाची लायब्ररी सोमवारी, त्याचे तास वर्षाकाठी सगळ्यात जास्त बुडतात. त्यावर तोड म्हणून काही शाळांनी वारच बाजूला ठेवले आणि ‘ए’पासून ‘एफ’पर्यंत सहा दिवसांचं चक्र सुरू केलं. तिथल्या मुलाला विचारलं तर ते म्हणतं, माझी लायब्ररी ‘सी’ दिवशी.

उघड्या दाराच्या बाजूला जोर आला १९८८ मध्ये. शालेय ग्रंथपालांच्या राष्ट्रीय संघटनेनं ‘इन्फॉर्मेशन पॉवर’ नावानं नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, १९९१ मध्ये मोकळ्या वेळापत्रकाच्या बाजूनं स्वतंत्र निवेदनही दिलं. ग्रंथपाल म्हणजे आधी शिक्षकाचा सहकारी, ही त्यामागची धारणा. १९८८ पासून दहा वर्षं चाललेल्या ‘लायब्ररी पॉवर’ या उपक्रमानं एकोणीस ठिकाणच्या सुमारे सातशे शाळांत चार कोटी डॉलर ओतले, आणि पैसे घेणाऱ्या शाळेला अट होती की दार मोकळं ठेवायचं. पैशाची अट घातल्याशिवाय ते दार हललं नसतं असं मला वाटतं, कारण त्याला तयारीच्या तासाचं कुलूप होतं.

दार उघडल्यावर काय झालं? माझा कौल उघड्या दाराकडे आहे, तरी इथे मला थांबावं लागतं. आयोवातल्या जीन डॉनम व्हॅन ड्यूसन यांनी १९९३ मध्ये दोन्ही तऱ्हेच्या शाळा तपासल्या. मोकळ्या वेळापत्रकाचा गुण खरा उतरला तो जिथे शिक्षक आणि ग्रंथपाल एकत्र बसून आखणी करत होते तिथे. नुसतं दार उघडून भागलं नाही. आणि तिथल्या ग्रंथपालांची एक जुनी काळजी आहे, जी मला फार खरी वाटते. ज्या शिक्षिकेला पुस्तकांची ओढ आहे, तिचा वर्ग वारंवार येतो. जिला नाही, तिची मुलं वर्षभर फिरकतच नाहीत. घरी एकही पुस्तक नसलेलं मूल त्या दुसऱ्या वर्गात असेल, तर ठरलेला मंगळवार हाच त्याचा हक्क. गॅरीच्या भट्टीवरच्या मजुराच्या पोराला ज्या घंटेनं तलावापर्यंत नेलं, तीच ही घंटा.

म्हणून पुष्कळ शाळांनी दोन्ही ठेवलं आहे. लहान वर्गांना ठरलेला तास, मोठ्यांना गरजेप्रमाणे, आणि पुस्तक बदलायला दोघादोघांनी चिठ्ठी घेऊन केव्हाही यायचं. अशा मिश्र वेळापत्रकाला अर्थातच मदतनीस लागतो, ग्रंथपाल गोष्ट सांगत असताना टेबलाशी बसणारा कुणी तरी. अंदाजपत्रकात कात्री लागते ती पहिल्यांदा त्याच माणसाला.

भाचीच्या लेकीच्या शाळेत या वर्षीपासून पहिल्या घंटेआधीची वीस मिनिटं लायब्ररीचं दार उघडं असतं. मुलांच्या आया आळीपाळीनं रोज टेबलाशी बसतात. परवा भाचीच्या लेकीचा फोन आला. गोगलगाईचा शंख तिच्याबरोबरच वाढतो, कडेकडेनं, आणि तिच्या जिभेवर हजारो बारीक दात असतात, चित्रात दिसतात, तिनं धापा टाकत सांगितलं. मी कॅलेंडर पाहिलं. गुरुवार होता.