राक्षसपार्टीची राळ

संध्याकाळच्या चर्चेची वेळ झाली की बातम्यांच्या चॅनेलवर पडद्याला आग लागते. विषयाचं नाव ज्वाळांत गुंडाळून येतं, पाहुण्यांच्या चौकटींच्या कडेनं ठिणग्या उडतात, मागं रणवाद्यं वाजतात. प्रत्यक्षात कुठं काही पेटलेलं नसतं. एक नेता दुसऱ्याला काय म्हणाला आणि दुसऱ्यानं उलट काय सुनावलं, एवढाच मामला असतो. ही आग मी बरीच वर्षं बघत आलो, पण तिचं कूळ शोधावं असं सुचलं ते जिवतीत.

चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरकडून माणिकगडचे डोंगर चढून गेलं की जिवती लागते. गोंड आणि कोलाम हे इथले जुने रहिवासी. त्यांच्या शेजारी दुष्काळाच्या वर्षांत नांदेड-लातूरकडून येऊन डोंगरावर स्थिरावलेली मराठवाड्यातली कुटुंबं. अशाच एका घरातले म्हातारे काका हॉटेलात चहा पीत टीव्ही बघत बसले होते. पडद्यावर आगीचा लोळ उठला तसे ते शेजारच्याला म्हणाले, "घ्या, उडवली राळ! आता राक्षस येतो बघा." पुढच्याच क्षणी एका नेत्याचा चेहरा पडद्यावर आला, लाल प्रकाशात, कपाळाला आठ्या पडलेल्या असतानाच गोठवलेला. काकांनी लहानपणी गावच्या जत्रेत सोंगं पाहिली होती. पडद्यावर काय चाललंय हे त्यांना सांगावं लागलं नाही.

'प्रचाराची राळ', 'आरोपांची राळ' हे शब्द आपण निवडणुकीच्या दिवसांत रोज वाचतो. पण राळ डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता थोडी उरली. राळ म्हणजे साल वृक्षाचा वाळलेला चीक. संस्कृतातही 'राल'च, आणि त्याच झाडाच्या 'सर्ज' या नावावरून 'सर्जरस'. तिचा खडा निखाऱ्यावर ठेवला तर तो वितळतो, सावकाश धुमसतो, धुपासारखा दरवळतो. तीच राळ कुटून वस्त्रगाळ केली आणि मूठभर पूड मशालीच्या ज्योतीवर फेकली, तर कणन् कण एकदम पेट घेतो. भक्कन पुरुषभर उंचीचा जाळ उठतो, बघणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि फेकणारा सराईत असेल तर आसपासचं काही जळायच्या आत तो विझूनही जातो. मागं राहतो तो काळा धूर आणि मघापेक्षा जास्त गडद वाटणारा अंधार.

लळितात, कोकणातल्या दशावतारात, नाशिक-ठाण्याकडच्या बोहाड्यात, अशा सोंगांच्या खेळांत ही राळ उडायची. महत्त्वाचं आहे ते कधी उडायची. गणपती येतो तो गाण्यावर. सरस्वती येते ती नाचत. राळ उडते ती राक्षसासाठी, तो एक शब्दही बोलायच्या आधी. त्याचा मुखवटा, त्याची तलवार त्या एका झगझगाटात दिसते आणि मुलं आईच्या पदराआड लपतात. पुढं तो काय बोलेल याला मग फारसं महत्त्व उरत नाही.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, हे शाळेतलं मूलही सांगेल. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते आणि चिंतामणराव पटवर्धनांनी तसं काही मराठीत करायला सांगितलं, हेही पाठ असतं. मला अडवलं ते एका जोडशब्दानं. भाव्यांच्या वळणाच्या नाटक मंडळ्यांत नटांचे गट असत आणि त्यांना नावं होती: देवपार्टी, राक्षसपार्टी, स्त्रीपार्टी. राक्षसपार्टीतली माणसं अंगापिंडानं दांडगी, आवाजानं खणखणीत. मशालींवर राळ उडायची, 'अलल्डुर्र' अशी आरोळी ठोकत ही मंडळी रंगभूमीवर यायची आणि तलवारींचा खणखणाट करत थयथयाट करायची. त्या आरोळीवरून पुढच्या सुशिक्षितांनी या नाटकांना 'अलल्डुर्र नाटकं' असं नाव ठेवलं.

माझा सिद्धांत इथं उभा आहे. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं १८८५ मध्ये. त्याच्या आधी कितीतरी वर्षं रात्र-रात्र नाटकं बघणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर 'पार्टी' हा शब्द पडत होता, आणि तो पडत होता तो देव आणि राक्षस अशा दोन उपपदांसह. एका बाजूला आपली पार्टी, दुसऱ्या बाजूला राळेत उजळलेली त्यांची पार्टी. राजकारणातल्या पार्ट्या आल्या तेव्हा त्यांच्यासाठी मांडव आधीच घातलेला होता.

आग आणि खलपुरुष यांची ही जोडी केवळ आपलीच नाही. इटलीत निकोला साब्बातिनीनं १६३८ मध्ये रंगतंत्रावर पुस्तक छापलं. त्यात नरक दाखवण्याची युक्ती आहे ती मशालीच्या ज्योतीतून राळेची पूड उडवण्याचीच. साब्बातिनीचं पेसारो आणि भाव्यांची सांगली यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी दोन्हीकडे राळ दुष्टाच्या वाट्याला गेली.

आता प्रतिपक्ष. सगळ्यात वजनदार दावा कलगीतुऱ्याचा. दोन नेत्यांत जुंपली की वर्तमानपत्रं हटकून मथळा देतात, 'अमुक-तमुकांत कलगीतुरा'. त्यावरून टीव्हीवरच्या भांडणाचा पूर्वज हाच, असं अभ्यासू माणसंही म्हणतात. मला हे अजिबात मान्य नाही आणि यात कलगीतुऱ्यावर मोठा अन्याय होतो असं मी मानतो. राजस्थान-माळव्याकडे कथा सांगतात ती अशी: तुकनगीर नावाचा गोसावी शिव श्रेष्ठ म्हणे, शाह अली नावाचा फकीर शक्ती श्रेष्ठ म्हणे. चंदेरीच्या राजानं दोघांचा वाद ऐकला आणि खूश होऊन एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. दोन्ही दागिने पगडीवरचेच. मराठी मुलखात हा वाद डफ-तुणतुण्यावर रंगला. एका फडानं पुराणातलं कोडं घालून भेदिक लावणी टाकायची, दुसऱ्यानं त्याच चालीत त्याचा उलगडा करायचा आणि मगच उलटा सवाल टाकायचा. उत्तर सुचलं नाही तर आरडाओरडा करून वेळ मारून नेता येत नसे, कारण ऐकणारे चाल आणि अर्थ दोन्ही तोलत. सवाल पुरता ऐकल्याशिवाय जवाब देताच येत नाही, हा कलगीतुऱ्याचा पायाच आहे. चॅनेलवरच्या चर्चेत चार जण एकाच वेळी बोलतात आणि कुणाच्या प्रश्नाला कुणाचं उत्तर मिळत नाही. मुलाचा चेहरा बापाशी इतका न जुळावा?

दुसरा दावा आपल्या रानातला. एखाद्याविरुद्ध 'रान उठवणं' हा शब्दप्रयोग शिकारीच्या हाकाऱ्यातून आला. डबे-ढोल बडवत माणसं रान उठवत आणि बिथरलेलं जनावर मचाणाकडे लोटत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला हा दावा पटकन भावतो, आणि त्यात तथ्यही आहे: एका माणसामागे शेकडो लोक एकदम लागतात त्या प्रकाराला हाकाऱ्याशिवाय दुसरी उपमा नाही. पण हाकाऱ्यातून आवाजाचा उलगडा होतो, आगीचा नाही. आणि प्रचाराची 'राळ' म्हणजे मोटारींचा धुरळा असं समजणाऱ्यांना एवढंच विचारतो, की धुरळ्यासाठी स्वतःचा चांगला शब्द असताना माणसं साल वृक्षाच्या चिकाकडे कशाला जातील?

तिसरा दावा अमेरिकेचा. १९६८ च्या अध्यक्षीय अधिवेशनांच्या वेळी एबीसी वाहिनीनं विल्यम बकली आणि गोर व्हिडाल या विरुद्ध विचारांच्या लेखकांना समोरासमोर बसवलं, प्रकरण थेट शिवीगाळीवर गेलं आणि लोकांनी ते डोळे विस्फारून पाहिलं. १९८२ मध्ये सीएनएननं 'क्रॉसफायर' सुरू केलं. दोन बाजूंना दोन माणसं बसवण्याचा साचा तिकडून आला, हे मी मान्य करतो. साचा परका, राळ घरची.

रंगभूमीवरची राळ व्यासपीठावर आणली कुणी? माझं बोट गणपतीच्या मेळ्यांकडे आहे. १८९० च्या दशकात सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि त्याबरोबर मेळे आले: एकसारखे पोशाख, रात्रीची वेळ, चौकाचौकांत पदं. नाटकांवर वाढलेलीच मुलं मेळ्यांत गात होती. १९२० च्या दशकात पुण्यात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्यानं ब्राह्मणी पुढारीपणावर पदं रचली, समोरच्या मेळ्यांनी तितक्याच तिखटपणे परतफेड केली. जवळकरांच्या १९२५ च्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, पण अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वकिली केली आणि आरोपी सुटले. त्या भांडणात कडवेपणा भरपूर होता, पण जातीचा, शिक्षणाचा, नोकऱ्यांचा खरा हिशेबही होता. जेधे-जवळकरांसारख्या सत्यशोधकांनी सुनावलेलं सगळंच राळ म्हणून झटकून टाकणाऱ्यांच्या मी सपशेल विरोधात आहे.

वर्तमानपत्रांचा टप्पा सर्वांना ठाऊक आहे. आगरकरांची ते जिवंत असतानाच प्रेतयात्रा निघाली, १८९५ मध्ये पुण्यात सामाजिक परिषदेवरून मांडव जाळण्याची भाषा झाली, १९५६ पासून अत्र्यांच्या 'मराठा'नं विरोधकांची सालटी काढली. मग २००७ मध्ये 'झी २४ तास' आणि 'स्टार माझा', २००८ मध्ये 'आयबीएन लोकमत' आलं. चोवीस तास भरायचे होते. वार्ताहर आणि कॅमेरामन जिवतीच्या घाटात पाठवायचे तर गाडी, मुक्काम, दोन दिवस लागतात. चार पाहुणे घरबसल्या चौकटीत आणायला त्यामानानं काहीच लागत नाही. मशालही लागत नाही, ज्वाळा संगणकात तयार असतात.

याची किंमत जिवतीइतकी स्पष्ट क्वचितच कुठं दिसते. तालुक्यातल्या परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर अशा सीमेवरच्या गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात. माणसांची नावं दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत राहत आली आहेत. ३० नोव्हेंबर २०२३ ला तेलंगणा विधानसभा, १९ एप्रिल २०२४ ला चंद्रपूर लोकसभा, १३ मे रोजी आदिलाबाद लोकसभा, २० नोव्हेंबरला महाराष्ट्र विधानसभा: एका वर्षाच्या आत चार निवडणुकांचे भोंगे, दोन तेलुगूतले, दोन मराठीतले. त्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्हा राज्यभरच्या पडद्यांवर झळकला तो भाजपचे उमेदवार सुधीर मुनगंटीवार यांच्या भाषणातल्या एका तुकड्यामुळे. काँग्रेसनं त्यावर कडक आक्षेप घेतला, मुनगंटीवारांचं म्हणणं की पुढचा-मागचा संदर्भ कापला गेला. ज्याला जे पटेल ते पटो. पण त्या दिवसांत डोंगरावरची माणसं बोलत होती ती जमिनीच्या पट्ट्यांबद्दल, आपण नक्की कुठल्या राज्यात आहोत याबद्दल, आणि ते काही ज्वाळांत गुंडाळून आलं नाही.

कायदा आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं विधान करणं हे भ्रष्ट आचरण ठरतं. आचारसंहिताही सांगते की टीका धोरणांवर, कामावर करावी. पण राळ विधान करतच नाही. ती फक्त चेहरा उजळते. खोटं बोलल्याचा पुरावा मागायला गेलं तर हाती धूर येतो.

टिंगलटवाळीचंच वावडं असण्याचं कारण नाही. याच डोंगरांत दिवाळीला गोंडांची दंडारी निघते. मोरपिसांचा भलाथोरला टोप, अंगाला राख, हातात काठी असे घुसाडी नाचत गावोगाव जातात आणि दिसेल त्याची खुशाल थट्टा करतात. सीमेपलीकडच्या मारलवाईचे कनकराजू यांना याच नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दंडारी ज्या गावात जाते तिथं बहुधा सोयरीक असते. ज्याची टर उडवली त्याच्याच अंगणात जेवायला बसायचं आणि त्या गावाची दंडारी आली की आपण पंगत मांडायची. असा व्यवहार असला की जीभ कितीही सैल सुटली तरी तिला माघारी यायला वाट असते.

काकांच्या बोलण्यातून मला दिसलेला खरा फरक मात्र राळेपेक्षा ती उडवणाऱ्याचा आहे. जुन्या खेळात राळ उडवायचा तो मशालजी. त्याला संवाद नसे. जाळ विझला की तो बाजूला सरे, आणि राक्षस आपलं म्हणणं पुरतं मांडे. भाव्यांच्या वळणाच्या नाटकांत हे संवाद नट उत्स्फूर्तपणे बोलत आणि रावणाचं भाषण ऐकायला लोक खास येत. सूत्रधार निराळा. तो पदं म्हणे, कथा पुढं नेई, आणि देव बोलत असो वा दानव, दोघांच्या बोलण्याला जागा करून देई. चॅनेलवरच्या अँकरनं सूत्रधाराची जागा घेतली आणि मशालजीची मूठही स्वतःकडेच ठेवली. पाहुणा पहिलं वाक्य पुरं करायच्या आत ती मूठ पुन्हा उघडते, आणि तासभर उघडतच राहते.