सीमेवरील एक ओळ

संगणकावर एका वेळीं अनेक कामें चालत असतात, आणि त्या सर्वांस स्मृतीची वांटणी करून देणारा कारभारी एकच असतो. कार्यप्रणालीच्या या गाभ्यास कर्नेल असें म्हणतात. इतर सर्व आज्ञावल्या त्याच्याकडे अर्ज करतात. तो मात्र कोणाकडेहि अर्ज करीत नाहीं. म्हणूनच त्याच्या दप्तरांत एखादी चौकशी राहून गेली, तर ती चूक पकडावयास वरिष्ठ असा कोणी उरत नाहीं. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यांत अशी एक चौकशी राहून गेली होती. आणि ती राहिली यापेक्षां ती भरून काढल्यावर जें घडलें, तें अधिक विचार करण्यासारखें आहे.

त्या काळच्या ३२ बिटांच्या यंत्रांत स्मृतीचे पत्ते एकंदर ४,२९,४९,६७,२९६ इतके असत. त्यांपैकीं पहिले तीन चतुर्थांश, म्हणजे ३,२२,१२,२५,४७२ पत्ते, लिनक्सच्या नेहमींच्या रचनेंत सामान्य आज्ञावलीच्या वांट्यास येत. त्यापलीकडचा मुलूख कर्नेलचा स्वतःचा. चालू आज्ञावलीस अधिक जागा हवी झाली, कीं ती ‘ब्रक’ ही विनंति करी, आणि कर्नेलमधील ‘डू-ब्रक’ नांवाचें फंक्शन तिची हद्द वाढवून देई. किती जागा हवी, हें मागणारा सांगे. ती मागणी शिवेपलीकडे जाते काय, हें देणाऱ्यानें पाहावयास हवें होतें. डू-ब्रक हें ‘एमॅप’ या मोठ्या कारभाराचें संक्षिप्त रूप होतें. त्या संक्षेपांत ही पाहणी नव्हती.

सप्टेंबर २००३ मध्यें अँड्र्यू मॉर्टन यांस ही उणीव दिसली. दुरुस्ति अगदीं लहान. पत्ता आणि मागितलेली लांबी यांची बेरीज शिवेहून अधिक भरत असेल, किंवा ती मूळ पत्त्याहूनहि कमी भरत असेल, तर अर्ज नामंजूर करावा, इतकेंच. पहिली अट कोणासहि समजेल. दुसरी वाचणारा मात्र क्षणभर थबकतो. दोन धन संख्यांची बेरीज त्यांतील एकीहून लहान कशी व्हावी? कागदावर ती होत नाहीं; यंत्रांत होते. घड्याळाचा कांटा अकरावर असतां त्यांत चार तास मिळविले, तर तो पंधरावर जात नाहीं, तीनवर येतो. तशीच ३२ बिटांची बेरीज आपली मर्यादा ओलांडतांच शून्यापासून पुन्हां सुरू होते. नुसती पहिलीच अट ठेवली असती, तर पुरेशी प्रचंड मागणी करणाऱ्याची बेरीज वळसा घेऊन लहान झाली असती, आणि पहारेकऱ्याच्या डोळ्यांदेखत तो शीव ओलांडून गेला असता. सीमातपासणीची दुरुस्ति पारखणारा जाणता परीक्षक प्रथम हीच दुसरी अट शोधतो, तें उगीच नव्हे.

दुरुस्ति निर्दोष होती. २.६ या येऊं घातलेल्या मालिकेच्या सहाव्या चाचणीप्रतींत ती गेलीहि. परंतु लोकांच्या नित्य वापरांत होती ती २.४ ची मालिका, आणि तिची २.४.२२ ही आवृत्ति ऑगस्टमध्येंच बाहेर पडली होती. दुरुस्ति पुढल्या आवृत्तीची वाट पाहत राहिली. ती यावयास २८ नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळांत सुरक्षेची म्हणून कोणतीहि जाहीर सूचना निघाली नाहीं. ओळ बरोबर आहे काय, हें पाहिलें गेलें. ती नव्हती तेव्हां त्या वाटेनें कोण कोठवर पोंचूं शकत होता, याचा विचार झाल्याचें दिसत नाहीं. शिवाय लिनक्सचा मूळ मजकूर सर्वांस खुला; तेव्हां तो वाचणारे सगळे मित्रच असतील, असें थोडेंच आहे!

परीक्षक निजलेले होते असेंहि नव्हे. त्याच वर्षीं ५ नोव्हेंबरला कोणी तरी कर्नेलच्या एका नकलभांडारांत दोन ओळी गुपचूप घातल्या होत्या. तपासणीचें चिन्ह असावें तेथें नेमणुकीचें चिन्ह लिहून, मागणाऱ्यास सर्वाधिकार देणारी अशी ती युक्ति होती. मूळ भांडाराशीं मेळ बसेना, म्हणून लॅरी मॅकव्हॉय यांनीं ती तत्काळ पकडली. परकी ओळ संशय उत्पन्न करते. घरच्या माणसानें केलेली दुरुस्ति तसा करीत नाहीं.

१९ नोव्हेंबरला डेबियन या स्वयंसेवकांच्या प्रकल्पांतील एका सभासदाचा चोरलेला परवलीचा शब्द वापरून कोणी एक क्लेकर नांवाच्या यंत्रांत शिरला. खातें साधें होतें, अधिकार कांहींच नव्हता. तरी तो त्या यंत्राचा धनी झाला. तेथून मास्टर. मर्फीवर तें खातें चालेना, तेव्हां राखीव प्रतींसाठीं ठेवलेलें व्यवस्थापकांचें खातें त्यानें हातीं घेतलें. दुसऱ्या दिवशीं ग्लक. २० तारखेस मास्टरचा कर्नेल अडखळत असल्याचें व्यवस्थापकांच्या नजरेस आलें. मर्फीवरहि तोच प्रकार. दोन यंत्रांस एकाच वेळीं एकच दुखणें जडावें, हा योगायोग त्यांस पटला नाहीं. फाइलींवर पाळत ठेवणाऱ्या आज्ञावलीनेंहि ‘इनिट’ ही यंत्राच्या आरंभीं चालणारी फाइल बदलल्याची वर्दी दिली. २१ तारखेस प्रकल्पानें सर्व प्रकार जाहीर केला. जगभरचीं यंत्रें जेथून आपल्या आज्ञावल्या उतरवून घेत, तें मुख्य भांडार सुदैवानें अबाधित राहिलें होतें.

शिरणाऱ्याचें हत्यार सांकेतिक आवरणांत गुंडाळलेलें सांपडलें. तें उलगडून रेड हॅट व सूजे या कंपन्यांच्या सुरक्षा-पथकांनीं पाहिलें, तों वाट निघाली डू-ब्रकचीच, सप्टेंबरांत बुजविलेली. आज्ञावलीची हद्द एकदां शिवेपलीकडे गेली, कीं कर्नेलचीं पानेंहि तिच्या नांवावर चढत, आणि त्यांवरील संरक्षण उठविण्याचा तिचा अर्ज कर्नेल स्वतःच मंजूर करी.

डेबियनची ४०३ क्रमांकाची सूचना १ डिसेंबरला निघाली. दुसऱ्याच दिवशीं जेंटू या प्रकल्पाचा एक सर्व्हर पडला. तेथें दरवाजा उघडला तो आरसिंक या आज्ञावलीनें, परंतु आंतील सत्ता हातीं आली ती डू-ब्रकमुळेंच. दुरुस्त कर्नेल बाहेर पडून तेव्हां चार दिवस झाले होते.