भारतीय लष्करी पदके : ओळख व संग्रह

शौर्य, मोहिमेतील सहभाग किंवा दीर्घ सेवा यांबद्दल सैनिकांना मिळालेली पदके, त्यांच्या फिती आणि गणवेशावरील बिल्ले ओळखून त्यांची नोंद व जतन करण्याचा अभ्यास. त्याची पद्धत नाणकशास्त्राला जवळची आहे. धातू, ठसा, व्यास, टांकसाळ हे सारे येथेही तपासावे लागते. मात्र पदक हे एका विशिष्ट माणसाला दिलेले असल्याने त्या माणसाचा माग काढणे हा या अभ्यासाचा गाभा आहे.

पूर्वपीठिका : ईस्ट इंडिया कंपनीने हिंदी शिपायांसाठी १७८४ मध्ये दख्खन पदक काढले. पहिले इंग्रज-मराठा युद्ध व त्याच काळातील म्हैसूरची लढाई यांतील बंगालच्या फौजेला ते मिळाले. महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत बोलके पदक ‘आर्मी ऑफ इंडिया’ हे होय. १७९९ ते १८२६ या काळातील लढायांसाठी असलेले हे चांदीचे पदक १८५१ मध्ये मंजूर झाले. फितीवर चढवलेल्या धातूच्या पट्टीवर, म्हणजे ‘क्लास्प’वर, लढाईचे नाव असते. या पदकाच्या क्लास्पांत असई, गाविलगड, खडकी, सीताबर्डी, महिदपूर व कोरेगाव ही नावे तत्कालीन इंग्रजी वर्णलेखनात येतात. खडकी तेथे ‘किर्की’, तर कोरेगाव ‘कोरीगॉम’ होते. लढायांनंतर पंचवीस ते पन्नास वर्षांनी जे हयात होते त्यांनाच ते मिळाल्यामुळे हे पदक दुर्मिळ आहे.

प्रकार व फीत : पदकांचे शौर्यपदके, मोहीमपदके व सेवापदके असे ढोबळ वर्ग पडतात. पदक हरवून फीत तेवढी उरली असली, तरी रंगांवरून बऱ्याचदा ओळख पटते. परमवीर चक्राची फीत सबंध जांभळी असते. महावीर चक्राची अर्धी पांढरी व अर्धी केशरी, तर वीर चक्राची अर्धी गडद निळी व अर्धी केशरी. शांतताकालीन शौर्यासाठीच्या तीन चक्रांच्या फिती हिरव्या असून अशोक चक्रावर एक, कीर्ती चक्रावर दोन व शौर्य चक्रावर तीन केशरी उभ्या रेघा असतात. परमवीर चक्राचे रेखाटन स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या व मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केलेल्या सावित्रीबाई खानोलकर यांचे. कांस्याच्या या पदकावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती व मध्यभागी राजमुद्रा आहे. १९७१ च्या युद्धासाठी पूर्वी स्टार व पश्चिमी स्टार, तर कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार ही मोहीमपदके आहेत.

कडेवरील नाव : गोल पदकाची कड भिंगाखाली फिरवून पाहणे ही तपासणीची पहिली पायरी. तेथे सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठसवलेली किंवा कोरलेली असते. ताऱ्याच्या आकाराच्या पदकांवर हा मजकूर मागील बाजूस असतो. दुसऱ्या महायुद्धातील तारे ब्रिटिश सैनिकांना बिननावाचे मिळाले, हिंदी सैनिकांना मात्र नावानिशी. पलटणींची बदललेली नावेही ध्यानात ठेवावी लागतात. १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी एकत्र येऊन पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. त्यामुळे एकाच सैनिकाच्या पहिल्या महायुद्धातील पदकावर ‘११७’ आणि नंतरच्या पदकावर ‘५’ असा आकडा आढळला, तर ती चूक समजू नये. नाव मिळाल्यावर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात पदकांच्या याद्या धुंडाळता येतात.

बिल्ले : बिल्ल्याचा काळ त्यावरील चिन्हांवरून ठरवता येतो. ब्रिटिश मुकुट असलेला बिल्ला प्रजासत्ताकापूर्वीचा. त्यानंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभावरील सिंहांनी घेतली. महार रेजिमेंटच्या जुन्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे त्या जागी कट्यार आली.

बनावट नग : ओतून केलेल्या नकलेच्या पृष्ठभागावर बारीक खळगे दिसतात व अक्षरांच्या कडा बोथट असतात, अस्सल नग ठशाने दाबलेला असल्यामुळे त्याची अक्षरे धारदार उठतात. मूळ नाव घासून दुसरे कोरले असेल, तर कड पातळ होऊन व्यास घटतो. बहुतेक ब्रिटिशकालीन मोहीमपदकांचा व्यास ३६ मिमी. असल्याने कॅलिपरने मोजताच ही लबाडी उघडी पडते.

जतन व कायदा : चांदीचे पदक पॉलिशने घासू नये, घासल्याने उठाव झिजतो आणि काळाने चढलेली झाक जाते. पदक आम्लविरहित कागदात, कोरड्या जागी ठेवावे. फीत जीर्ण झाली तरी फेकू नये. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी पदके पुरावस्तू ठरतात आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत.

पहिल्या महायुद्धातील असंख्य चांदीची पदके धातूच्या भावाने विकली जाऊन वितळली. त्यांवरील नावेही त्यांच्याबरोबर गेली. एका सैनिकाची पदके, सेवापुस्तक, पत्रे व छायाचित्रे मिळून एकच पुरावा बनतो. तो संच फोडून सुटे नग विकल्यास त्या माणसाचा इतिहास कायमचा तुटतो. म्हणून घरातील संचाची आजच यादी करावी आणि तो संच एकत्रच ठेवावा.