हातात टाळ असला की

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास उलव्यातल्या एका इमारतीखाली बाईकची रांग लागते. पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये मराठी उपासना चाललेली असते. खाली, बाईकवर टेकून, फोनमध्ये डोकं घालून सात-आठ पुरुष उभे असतात. बायकामुलांना वर सोडलंय, दीड तासाने घेऊन जायचंय. माझा मित्र त्यांतलाच एक. त्याचं घराणं नगर जिल्ह्यातलं, चार पिढ्यांचं ख्रिस्ती. तो इथे कंटेनर यार्डात कामाला आहे. मी गव्हाणचा, आगरी, घरी माळकरी. रविवारी तो खाली मोकळाच असतो, म्हणून मी चहाला जातो.

एकदा त्याला विचारलं, "तू वर का नाही जात रे?"

"वर जाऊन करू काय? बसायचं, उठायचं, परत बसायचं. पाळक बोलणार, बायका गाणार. माझं तिथे काम काय?"

त्याचं हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. कारण त्याचं उत्तर मी लहानपणीच ऐकलं होतं, तेही एका हरिभक्ताकडून.

आमचे आजोबा गव्हाणच्या भजनात पखवाज वाजवायचे. दिवसभर मिठागरात किंवा शेतात राबलेली माणसं रात्री जेवून देवळात जमायची. वाचता येणारे त्यांत दोन-तीनच, पण अभंग सगळ्यांना पाठ. मी पेंगायला लागलो की आजोबा माझ्या हातात टाळ द्यायचे आणि शेजारच्याला म्हणायचे, "हातान टाल असला का मानूस उठत नाय." तेव्हा वाटायचं, मला जागं ठेवायची ही युक्ती आहे. आता वाटतं, पुरुषांना देवळात कसं बसवायचं याचा सगळा सिद्धांतच त्या वाक्यात होता.

देवाच्या दारी पुरुष कमी आणि बायका जास्त, ही तक्रार आजची नाही. १६९२ साली अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये कॉटन मॅथर या धर्मोपदेशकाने भक्तिमान पुरुषांपेक्षा भक्तिमान बायकाच जास्त असल्याचं लिहून ठेवलं होतं. पुढे १९११-१२ मध्ये तिथल्या प्रॉटेस्टंट चर्चांनी पुरुषांना परत आणण्यासाठी देशभर मोहीमच काढली. चर्चमधून तीस लाख पुरुष हरवलेत, असा त्यांचा हिशोब होता. वर्तमानपत्रांत खेळाच्या पानावर जाहिराती दिल्या, न्यूयॉर्कमध्ये विजेच्या पाट्या लावल्या. धर्म हे धंद्यासारखं, मर्दानी, धडाडीचं काम आहे असं दाखवायचा तो खटाटोप होता. चर्च फार दिवस बायकांच्या हाती राहिलं आणि म्हणून मऊ पडलं, हा सूर त्यात होताच. मोहीम जेमतेम वर्षभर चालली आणि आटोपली.

त्याच १९१२ साली 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचं संपादन एका कवीकडे आलं. त्या कवीचं नाव नारायण वामन टिळक. चर्चमध्ये माणूस परका का वाटतो, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. पण त्यांनी शोधलेलं उत्तर अगदी वेगळं होतं. ते समजायला आधी थोडं मागे, गोव्यात, जावं लागेल.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि साष्टीत राहून इथली भाषा शिकला. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. रोमन लिपीत, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. दहा हजारांहून जास्त ओव्या. ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्याने एक प्रसंग सांगितलाय. रविवारचं धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण त्याला विचारतो, की आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरं पुराण का देत नाही? म्हणजे धर्म बदलला तरी माणसाची ऐकण्याची रीत बदलत नाही. त्याला कथा हवी असते, आणि ती आपल्या छंदात हवी असते. स्टीफन्सने ही तक्रार मनावर घेतली, म्हणून मराठीला एक मोठा ग्रंथ मिळाला.

नगरच्या मिशनऱ्यांपुढे अडीचशे वर्षांनी तोच प्रश्न आला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाण मांडलं होतं. उपासनेत गायची गाणी पुष्कळदा इंग्रजीवरून केलेली, चालही इंग्रजी. आता इंग्रजी चालीत जोर कुठे येणार हे ठरलेलं असतं. मराठी शब्द त्यात कोंबला की भलत्याच अक्षरावर जोर पडतो, ऱ्हस्वाचं दीर्घ होतं, आणि ओळखीचा शब्द परका वाटायला लागतो. शिवाय हातात पुस्तक लागतं. वाचता न येणाऱ्याने करायचं काय? गप्प बसायचं. शेतात आरोळी देणारा गडी तिथे मुका व्हायचा.

अभंगाची घडण नेमकी उलटी आहे. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे ती झेलतात. ध्रुपद फिरून फिरून येतं, त्यामुळे नवखा माणूसही तिसऱ्या फेरीत गाऊ लागतो. पुस्तक लागत नाही. आवाज बेसूर असला तरी टाळांत खपून जातो. आणि हात रिकामे राहत नाहीत.

हे ओळखून १८६०च्या दशकात नगरला कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. साज कीर्तनाचा आणि आख्यान बायबलमधलं. चर्चची पायरी चढायला बिचकणारा माणूस कीर्तनाला येऊन बसू शकत होता, कारण कीर्तनात कसं बसायचं, कुठे हसायचं, कधी टाळी द्यायची हे त्याला आईच्या पोटातूनच ठाऊक होतं.

टिळकांनी हीच वाट रुंद केली. कोकणात जन्मलेल्या या चित्पावन ब्राह्मणाने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबाला सोडलं नाही. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. त्यांनी शेकडो पदं, भजनं, अभंग लिहिले. मराठी चर्चांच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात ती आजही आहेत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांत, १९१९ मध्ये, ते गेले आणि दरबार फार चालला नाही. पदं मात्र राहिली.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. टिळकांनी हे काही फक्त पुरुषांसाठी केलं नव्हतं. त्यांना देशी माणूस चर्चमध्ये देशीच राहायला हवा होता. पण माझ्या मित्राच्या तक्रारीला याहून सरळ उत्तर मला दिसत नाही. अमेरिकेतल्या मोहिमेने पुरुषाला सांगितलं, की तू मर्द आहेस म्हणून ये. टिळकांच्या भजनाने सांगितलं, ही ओळ झेल. पहिल्यात त्याच्या अहंकाराला हाक आहे, दुसऱ्यात त्याच्या गळ्याला.

तरीही माझं मन इथे पुरतं स्वस्थ होत नाही. पुरुषाला काम दिलं की तो येतो, हे खरं. पण त्या कामाची मग मालकी होते. गोव्यातल्या चर्चांमध्ये कोंफ्रारिया नावाचे संघ असतात. अंगावर ओपा-मुर्सा हा खास झगा घालून मिरवणुकीत मानाने चालायचं, उत्सव सांभाळायचा, ही त्यांची कामं. शतकानुशतकं पुरुष तिथे हौसेने राबले. पण कोणता झगा कोणत्या जातीने घालायचा यावरून वाद झाले. धर्म बदलला, जातीचा मान गेला नाही. हातातला टाळ कधी कधी दुसऱ्याच्या हातून काढून घेतलेला असतो.

आणि बायकांचं काय? टिळकांनी १९०९ मध्ये 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं आणि दहा अध्यायांच्या आसपास ते थांबलं. पुढचे बहुतेक अध्याय लिहिले ते लक्ष्मीबाई टिळकांनी. शाळेत न गेलेल्या, नवऱ्याच्या धर्मांतराने पोळलेल्या, पाच वर्षं त्याच्यापासून लांब राहून मग स्वतःच्या पायांनी ख्रिस्ती झालेल्या बाईंनी. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना, गाणं, वाचन, छपाई, सगळं बायकाच करत होत्या. रमाबाईंच्या बायबलच्या भाषांतरालाही बायकांचेच हात लागले. पुरुष कमी पडले म्हणून तिथे काही अडलं नाही. म्हणून 'चर्च बायकी झालंय' असं कुणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, अहो, ज्यांनी ते इतकी वर्षं झाडलं-सारवलं, भरलेलं ठेवलं, त्यांचा हा दोष कसा?

हे विचारताना मी आमच्या देवळाकडे बघतो. १९७० मध्ये सिडको आली. नव्या मुंबईसाठी पंच्याण्णव गावांच्या जमिनी घ्यायचं ठरलं, त्यात आम्हीही आलो. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. आमच्या तोंडी त्या दोन तारखा अजून आहेत. मिठागरं गेली, शेतं गेली, त्यांच्यासोबत एकाच वेळी कामाला जाणं आणि एकाच वेळी मोकळं होणंही गेलं. आता कुणाची रात्रपाळी, कुणाची सकाळची, कुणाचा डंपर गव्हाण फाट्यावर अडकलेला. भजनाला जमायचं कधी? आजोबा गेल्यावर पखवाज माझ्या वडिलांकडे आला आणि कपाटावर चढला. गोणपाटात गुंडाळलेला तो अजून तिथेच आहे. मित्राला 'वर का जात नाहीस' म्हणून विचारणारा मी, आमच्या देवळात शेवटचा कधी बसलो होतो?

मागच्या वर्षी मित्राच्या मंडळीने पुरुष मेळावा घेतला. बिर्याणी केली, बाहेरून वक्ता आणला. पुरुष आले, जेवले, गेले. पुढच्या रविवारी बाईकची रांग होती तेवढीच. मग मी त्याला आजोबांचं वाक्य सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, त्याचे आजोबाही गावी चर्चमध्ये ढोलकी वाजवायचे. रात्रीच्या भजनाला गाव जमायचं, उपासनेला न येणारेसुद्धा यायचे. ती ढोलकी गावच्या घरी पडून आहे. दिवाळीत जाऊन त्याने ती आणली, पान बदलून घेतलं. पाळक आधी जरा कचरले. मग महिन्यातून एक रविवार टिळकांची पदं जुन्या चालीत म्हणायचं ठरलं. त्या रविवारी खाली तीनच जण असतात. फार मोठा फरक नाही. पण त्या तिघांत माझा मित्र नसतो.

मला मात्र चहाला सोबत उरली नाही. म्हणून एका रविवारी घरीच होतो आणि पखवाज खाली काढला. पुडी सैल पडलेली, आवाज घोगरा. मी दोन-चार थापा मारल्या आणि आतल्या खोलीतून आजी गायला लागली. सबंध अभंग, एकही ओळ न चुकता. साठ वर्षं ती देवळाच्या भिंतीपलीकडे बसून ऐकत होती. मी विचारलं, तू कधी टाळ का नाही घेतलास? ती म्हणाली, "पाठ हाय मना. टाल कोन देतो?"

टाळांची पिशवी पखवाजाशेजारीच होती. मी एक जोड काढून तिच्या हातात दिला. तिने तो आधी पदराने पुसला.